चाळीस पहारी आणि एक कडं

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि थोरांनी तर जरा जास्तच कान देऊन ऐकावी, कारण चूक थोरांचीच होती.

डोंगरातल्या एका खिंडीत चाळीस घरांचं गाव होतं. खिंडीच्या तोंडाशी एक अजस्र शिळा होती. लुटारूंचे घोडे दिसले की नगारा वाजायचा आणि प्रत्येक घरातून एक माणूस पहार घेऊन धावायचा. चाळीस पहारी लागल्या की शिळा सरकायची, खिंड बंद व्हायची. संकट टळलं की खालची पाचर काढायची, म्हणजे शिळा उतारावरून आपोआप मागे यायची. एका घरातून एकच माणूस, दोन नाहीत, असा गावाचा नेम होता. शिळा घसरलीच तर एका घरावर दोन मरणं नकोत, म्हणून.

त्या गावात सटवाजी नावाचा पाथरवट राहायचा. घरात बायको सगुणा आणि आठ वर्षांची लेक येसू. एकदा खाणीत दगड फोडताना त्याला काळ्या धातूचं एक कडं सापडलं. त्याने ते सहज हातात घातलं आणि समोरच्या धोंड्याला हात लावला. अहो, चार बैलांना न हलणारा धोंडा टोपलीसारखा अलगद वर आला!

पुढे लुटारू आले तेव्हा नगारा वाजायच्या आत सटवाजी पोचला आणि एकट्याने शिळा लावून मोकळा झाला. गावाने त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं. काय ते कौतुक! येसू तर घरोघर सांगत सुटली, "माझा बा! माझा बा!"

त्याच दिवशी सगुणाच्या हातून पाण्याची घागर निसटली.

"मनगटात जोरच नाही हो," ती म्हणाली.

"दमली असशील," सटवाजी म्हणाला, आणि गळ्यातला हार खुंटीला अडकवून झोपला.

असं तीनदा झालं. तिसऱ्या खेपेनंतर सगुणाने अंथरूण धरलं आणि महिन्याभरात ती गेली. गाव हळहळलं, तेराव्याचं जेवलं. मग पुढच्याच आठवड्यात गावाने सगळ्या पहारी लोहाराकडे नेऊन त्यांचे नांगराचे फाळ करून घेतले. पहारी हव्यात कशाला? सटवाजी होता ना!

खिंडीच्या वरच्या माळावर बिरू नावाचा म्हातारा धनगर मेंढरं चारायचा. तो एके दिवशी खाली उतरून सटवाजीच्या दारात आला.

"सटवाजी, कडं घातलं की तुला बळ येतं. पण ते येतं कुठून?"

"देवाचं देणं आहे, तात्या."

"देवाला मध्ये आणू नकोस. मला वरून सगळं दिसतं. तू शिळेला हात लावलास की तिकडे सगुणा दारात मटकन बसायची. तिन्ही वेळेला बघितलं मी. अरे, चाळीस घरांचं बळ तू एका घरातून काढतोयस. आता त्या घरात उरलंय कोण?"

खरं सांगायचं तर ही शंका सटवाजीच्या मनात आधीच येऊन गेली होती. पण लोकांच्या खांद्यावर बसलेल्या माणसाला खाली बघवत नाही, तसंच त्याचं झालं होतं.

त्याने कडं काढून कमरेला बांधलं आणि थेट चावडी गाठली. "पाटील, पहारी पुन्हा करा. यापुढे सगळ्यांनी मिळून शिळा लावू."

"वा रे वा! अंगात एवढं बळ, आणि म्हणे पहारी करा! भाव खातोस होय?" पाटील म्हणाले. सगळी चावडी हसली.

तेव्हाच त्याने खरं सांगायला हवं होतं. पण ते सांगायचं म्हणजे सगुणा कशाने गेली, तेही सांगावं लागलं असतं. त्याची जीभ रेटेना. मान खाली घालून तो घरी आला.

ऐन सुगीत, भर दुपारी, लुटारू आले. सटवाजी शिळेकडे धावला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "हात लावा रे! सगळे या!"

लोक पोरांना खांद्यावर घेऊन घरांच्या धाब्यांवर उभे होते. "बघा, थट्टा करतोय," असं म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्याने उघड्या खांद्याने शिळा रेटली. खांदा सोलून निघाला, शिळा तसूभर हलली नाही. घोड्यांच्या टापांनी जमीन हादरू लागली. खिंड उघडी राहिली तर येसूही वाचणार नव्हती. एकदाच, फक्त एकदाच, हळूच ढकलू, असं मनाशी म्हणत त्याने कडं हातात चढवलं.

शिळा सरकली. कधी नव्हे इतकी हलकी सरकली. सटवाजीला काय ते कळलं आणि तो ऊर फुटेस्तोवर घराकडे पळाला.

येसू चुलीपाशी कलंडली होती. नुकतीच ती भाकरी थापायला शिकली होती. तव्यावरची भाकरी जळत होती आणि तिचे दोन्ही हात पिठात तसेच होते. त्याने तिला किती हाका मारल्या! पोर काही उठली नाही.

हार घेऊन गाव दारात आलं, तेव्हा सटवाजी लेकीला उचलून बाहेर आला. आता मात्र त्याने सगळं सांगितलं, सगुणाचं आणि येसूचं, काही म्हणजे काही लपवलं नाही. मग कडं चावडीच्या पायरीवर ठेवून तो म्हणाला, "माझं घर संपलं. आता दुसऱ्या कुणीतरी घाला."

कुणी हात पुढे केला नाही. लेकीला माती देऊन सटवाजी खिंडीबाहेर निघून गेला, तो परत आला नाही.

पुढच्या सुगीला घोडे दिसले. नगाऱ्याचं कातडं कुजलेलं होतं, तो वाजलाच नाही. उरलेल्या एकोणचाळीस घरांची माणसं चावडीपाशी जमली, पण एकाच्याही हातात पहार नव्हती. सगळ्यांनी पायरीवर पडलेल्या त्या कड्याकडे बघितलं, मग आपापल्या घराकडे बघितलं.

"तू घाल."

"मी का? तू घाल!"

हे चाललं होतं तोवर घोडे खिंडीतून आत आले. बिरू धनगराने माळावरून चाळीसही घरं जळताना बघितली.

म्हणून सांगतो, सगळ्यांचं ओझं एकाच घरावर टाकलं, की आधी ते घर जातं आणि मागोमाग गाव.