नेइयिनचं वेशीवरचं गाणं

ए, पांघरूण ओढू नकोस, तिलाही थंडी वाजतेय. हं, आता ऐका.

एकदा काय झालं, पार हिमालयापलीकडे, चीन देशातल्या डोंगरात एक गाव होतं. तोंग लोकांचं. घरं सगळी लाकडाची, खाली नदी, वर भाताची खाचरं. या लोकांना लिहिणं ठाऊक नव्हतं, बरं का. मग पेरणी कधी करायची, कोण कुणाचा सोयरा, पूर्वज कुठून आले, हे सगळं ठेवायचं कुठे? तर गाण्यात! तुम्हाला मेला एक पाढा पाठ होत नाही, आणि ती माणसं अख्खं गाव पाठ म्हणायची. काय डोकी असतील!

गावात गाणी शिकवायची नेइयिन. नेइ म्हणजे आई. लेकीचं नाव यिन, म्हणून ही नेइयिन. आपण नाही का म्हणत, सुमीची आई, तसंच.

एका वर्षी गावावर ताप आला. साधासुधा नव्हे, भूतच ते! कुणाचंही तोंड घ्यायचं, कुणाचाही आवाज काढायचं आणि ओळखीचं होऊन घरात शिरायचं. गाणं तेवढं त्याला जमायचं नाही. मग गावानं वेशीवर काटेरी फांद्या आडव्या टाकल्या. आधी गाणं म्हणायचं, मगच आत यायचं. घरचा असो नाहीतर दारचा.

आणि नेमकी यिनच तापली. अंग नुसतं भाजत होतं पोरीचं. तापावर एक लाल मुळी असते, एवढं गाण्यात होतं, पण ती मिळते कुठे ते नव्हतं.  नेइयिननं पोरीला सासूच्या मांडीवर दिलं आणि मुळी शोधायला निघाली.

आधी लागलं मिआओ लोकांचं गाव. तिथे पाहुण्याच्या तोंडाशी तांदळाची दारू भरलेलं शिंग धरतात. हो, दारूच, दात काय काढताय? घोटभर घेतली की झालं. पण शिंगाला हात लावलात तर सगळं संपवायचं! आणि मग कसला डोंगर नि कसली मुळी, तिथेच आडवं व्हायचं. नेइयिन घाईत होती, तहानलेलीही होती. तरी तिनं हात मागे बांधले, नुसतं तोंड पुढे केलं. बायका खूश झाल्या. हिनं त्यांना एक गाणं दिलं, त्यांनी हिला एक दिलं. मुळी कुठल्या डोंगरावर मिळते, ते त्यात होतं.

मग लागलं याओ लोकांचं गाव. तोवर पाऊस लागला होता. तिथल्या लांब केसांच्या बायकांनी तिला चुलीशी बसवलं, ओला पदर वाळवून दिला. तिनं गाणं दिलं, गाणं घेतलं. त्यात होतं, मुळी डोहाच्या काठी आहे, पण डोहवाल्याला विचारल्याशिवाय उपटू नये.

तिसरा हा डोहवाला. नागोबाच म्हणा, पण पाय असलेला, मोठ्या मिशांचा! तो म्हणाला, "बाई, माझ्या डोहात फार सामसूम आहे गं. मुळी ने, पण तुझी गाणी ठेवून जा. सगळी."

बायकांनी घेतलेलं गाणं देणारीकडेही राहतं. यानं घेतलं की गेलं! नेइयिन रडली हो. आजीची, पणजीची गाणी ती. पण लेक भाजतेय घरी. तिनं एकेक गाणं म्हटलं आणि नागोबानं गिळलं. शेवटी आत काहीच उरलं नाही. मुळी घेऊन ती धावत सुटली.

सकाळी वेशीवर आली आणि फांद्यांपाशी थबकली. गाण्याशिवाय आत कसं जायचं? सगळ्या जगाला गाणं शिकवणारी बाई, आणि हेच विसरली!

फांद्यांमागे सासूच उभी होती, काठी घेऊन. डोळे रडून सुजलेले.

"आई, मी आहे. मुळी आणलीय."

"तोंड तिचंच आहे, आवाजही तिचाच," सासू म्हणाली. "पण तापालाही ते जमतं, पोरी. आत माझी नात आहे. गाणं म्हण."

नेइयिननं तोंड उघडलं. काही येईना. सासूनं काठी उगारली. आणि मग, बरं का, जे झालं होतं तेच ती सूर लावून सांगायला लागली. अडखळत, हुंदके देत:

"मिआओंच्या दारी हात मागे बांधले,
याओंच्या चुलीशी पदर वाळवला,
डोहाकाठी होतं नव्हतं देऊन आले,
आता हातात मुळी आहे, पोर माझी आत आहे."

हे गाणं कुणीच कधी ऐकलं नव्हतं. आजी-पणजीचं नव्हे, तिचं स्वतःचं! सासूनं काठी फेकली आणि उघड्या हातांनी काटे बाजूला ओढले.

मुळी उगाळली, यिनला पाजली. ताप उतरला. मग सगळ्या घरांत पाजली, भूत पळालं. आणि हरवलेली गाणी? अरे, तिनं गावभर शिकवली होती ना! गावातल्या पोरींनी तिला ती परत शिकवली, चुकली की ओरडल्यासुद्धा. आणि गावात नवीन मूल गायला बसलं की यिन त्याला पहिलं गाणं शिकवायची ते वेशीवरचं. "हे माझ्या आईनं केलंय," असं म्हणायची.

सगळी सुखात राहिली, पोटभर भात जेवली. चला, दिवा मालवते. झोपा आता, गुणाची माझी लेकरं.