भट्टीतून आलेली काळी प्लेट

मिठागरांच्या एका गावात धर्माजी घरत नावाचा कारखानदार राहत होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, आत दोन टाक्या आणि मागे एक भट्टी. एवढ्यावर त्याची ऐट मात्र पोलाद गाळणाऱ्याची.

टाकीत मिठागराचं खारं पाणी भरायचं, त्यात दोन प्लेटा समोरासमोर टांगायच्या आणि वीज सोडायची. मीठ फुटतं, क्लोरीन सुटतो आणि त्याचं औषध बनतं. ते औषध आजूबाजूच्या गावांच्या पिण्याच्या पाण्यात जाई आणि तिथली पोरंबाळं काविळीपासून वाचत.

ऐकायला सोपं आहे. पण ज्या प्लेटपाशी क्लोरीन सुटतो, ती प्लेट जगवणं फार कठीण. धर्माजीने लोखंड लावलं, त्याचा गंजून चिखल झाला. तांबं लावलं, ते हिरवं होऊन पाण्यात उतरलं. कोळशाच्या जाड पाट्या लावल्या, त्या चहात बुडवलेल्या बटरासारख्या भुरभुरल्या. शेवटी त्याने टायटॅनियमचा पत्रा आणला. हा धातू खाऱ्या पाण्याला भीक घालत नाही. पण नुसता उघडा ठेवला तर अंगावर न दिसणारी साय धरतो आणि विजेलाच वाट देत नाही. मग धर्माजीने त्याच्यासाठी एक लेप तयार केला. ब्रशने एक पातळ हात द्यायचा, भट्टीत भाजायचा, पुन्हा हात द्यायचा, पुन्हा भाजायचा. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, काळाकुट्ट, दिसायला अगदी कळकट लेप. पण वीज पाण्यात उतरायची ती त्याच्यातूनच. खालचा पत्रा त्याला धरून ठेवण्यापुरता.

हे धर्माजीखेरीज कोणालाही ठाऊक नव्हतं. त्याने कळूच दिलं नव्हतं. कामगाराला सांगितलं की तो दुसऱ्याला जाऊन विकणार, असं त्याचं ठाम मत. तो दार लावून घेऊन लेप द्यायचा, आणि तयार प्लेट कामगाराच्या हाती देताना एवढंच म्हणायचा, "लाव. आणि नीट ठेव."

नीट म्हणजे कसं, हे ज्याने त्याने आपल्या अकलेने ठरवायचं!

पहिली टाकी बारकूबाईकडे होती. बारकूबाई म्हणजे कामाला वाघीण. तिच्या घरची कळशी उन्हात ठेवली तर शेजारणीला डोळ्यांवर पदर घ्यावा लागे. दुसरी टाकी हसूरामकडे. हसूराम असा की अंगावर डास बसला तर तो मारायचा नाही, कंटाळून उडून जाईल म्हणून वाट बघायचा.

गावची रीत अशी, की अमावास्येला कोणी धंदा करायचा नाही. मिठागरं थांबत, होड्या ओढून ठेवत, आणि ज्याने त्याने आपलं हत्यार धुऊन, त्याला हळदकुंकू लावून नारळ वाढवायचा. धर्माजीही त्या दिवशी वीज बंद करून देवीच्या डोंगरावर जाई. शेडमध्ये उरत ते हे दोघंच. बारकूबाई आपल्या प्लेटा काढून धुवायची. हसूराम आपल्या प्लेटांवर लांबूनच तांब्याभर पाणी मारायचा, कुंकवाचं बोट टेकवायचा आणि सावलीला जाऊन आडवा व्हायचा.

आणि इथून घोळ सुरू झाला.

बारकूबाईच्या टाकीतली प्लेट मरू लागली. मीटरचा काटा पडायचा, क्लोरीनचा वास यायचा नाही, पाणी नुसतं तापत बसायचं. प्लेट काढून बघावी तर लेप विरलेला, आतला पत्रा पांढरा दिसतोय. धर्माजीला वाटलं, पाण्याने लेप खाल्ला. त्याने लेपाचे हात वाढवले. ती प्लेटही मेली. त्याने भट्टी आणखी तापवली, लेपातलं मिश्रण बदललं, पत्रा नव्याने खरबरीत करून घेतला. त्याही मेल्या. आणि शेजारी हसूरामची टाकी, पाणी तेच, वीज तीच, प्लेटा त्याच घाण्यातल्या, खुशाल चालू.

धर्माजीची झोप उडाली. खारं पाणी माणूस बघून प्लेट खातं की काय?

बारकूबाईही गोंधळली. आपलंच कुठेतरी कमी पडतंय, असं तिने मनाशी धरलं. आधी ती अमावास्येलाच प्लेटा धुवायची, आता दर शनिवारीही, धर्माजी दार लावून लेपाला बसला की, धुवायला लागली. धर्माजी येताजाता म्हणायचा, "शाब्बास बारकूबाय. हसूराम, बघ जरा! बाईची टाकी बघ आणि तुझा उकिरडा बघ!" तो शाब्बास म्हणाला की तिला आणखी हुरूप यायचा. आणि प्लेट आणखी लवकर मरायची.

अशात तालुक्याचे पाणीपुरवठ्याचे साहेब येऊन बजावून गेले. "घरत, औषध कधी येतं, कधी येत नाही. लोकांनी काय तहान आवरून बसायचं? शिमग्यापर्यंत दोन्ही टाक्या बंद न पडता चालवून दाखवा. नाहीतर आम्ही औषध बाहेरून मागवू."

म्हणजे शेडला कुलूप. धर्माजीचं आयुष्यभराचं डोकं भंगारात, आणि बारकूबाई, हसूराम पुन्हा उन्हात मीठ ओढायला.

माणूस गोंधळला की आधी चोर शोधतो. धर्माजीने हसूरामला सगळ्या गावासमोर उभं केलं.

"तू माझ्या पाठीमागे प्लेटा बदलतोस. हिच्या चांगल्या प्लेटा तुझ्या टाकीत आणि तुझ्या मेलेल्या हिच्या टाकीत. कबूल कर!"

हसूरामने डोकं खाजवलं. "शेठ, त्याच्यासाठी उठावं लागतं."

लोक हसले. धर्माजीला हसू आलं नाही, पण बोलणं खोटंही म्हणता येईना. हसूरामला कामावरून उठवताना दमछाक व्हायची हे तो रोज बघत होता.

मग त्याने निराळी युक्ती केली. दोन्ही टाक्यांत नव्या प्लेटा लावल्या आणि माणसांची अदलाबदल केली. बारकूबाई दुसऱ्या टाकीवर, हसूराम पहिल्या. अमावास्या आली आणि गेली. थोड्याच दिवसांत दुसऱ्या टाकीचा काटा पडला. हसूराम ज्या टाकीवर बसला होता, जी इतके दिवस प्लेटा गिळत होती, ती मजेत चालू लागली.

आता तर गावाचंच डोकं फिरलं. कोणी म्हणालं, बाईला नजर लागली. कोणी म्हणालं, देवाला हल्ली आळशीच आवडतात. बारकूबाईला वाटलं, दोष टाकीत नाही, पाण्यात नाही, आपल्या हातांत आहे. ज्या हातांवर ती उभा जन्म जगली, तेच हात आता अवदसेचे ठरले.

ती धर्माजीकडे गेली. "शेठ, मी जाते. माझ्या हाताला यश नाही. मी असले तर तुमची टाकी शिमग्यापर्यंत चालायची नाही."

धर्माजीला काय वाटलं असेल? खरं सांगायचं तर हायसं वाटलं. बाई गेली की टाक्या चालतील, ठेका राहील, भट्टीतलं गुपित भट्टीतच राहील. का चालतात हे न कळलं म्हणून काय बिघडलं? पुष्कळ शहाणे लोक असेच सुखाने जगतात.

"बरं," तो म्हणाला. "जा."

"जाताना एकदा प्लेट धुऊन जाते. मेलेल्यालासुद्धा अंघोळ घालतात."

धर्माजीने वीज बंद केली आणि तो तिथेच खोक्यावर बसला. इतक्या वर्षांत तिला प्लेट धुताना त्याने आज पहिल्यांदा पाहिलं.

बारकूबाईने प्लेट मांडीवर घेतली. चिंचेचा गोळा चोळला. मग मूठभर बारीक वाळू टाकली, नारळाचा काथ्या घेतला आणि घासायला लागली. कशी घासत होती! खांद्यापासून जोर लावून, ओठ दाबून, देवाचं ताम्हण घासावं तशी. पन्हळीतून पाणी वाहू लागलं. काळं पाणी.

धर्माजी उभा राहिला. तो उरलासुरला लेप होता. त्याचा ब्रशचा एकेक हात, भट्टीची एकेक धग, त्याची रात्रंदिवस केलेली सगळी मेहनत पन्हळीतून गटारात चालली होती.

"अगं, काय करतेस हे!"

"काय करते? काजळी काढते." बारकूबाईने मान वर केली नाही. "भट्टीतून प्लेट येते ती काळीठिक्कर. चुलीवरून उतरलेलं भांडं काय तसंच ठेवतात? तुम्ही पुरुषमाणसं, तुम्हाला काय कळतंय."

"ती काजळी नाही, बाई. तेच तर काम करतं! वीज त्याच्यातूनच जाते! मी स्वतः लावलंय ते!"

बारकूबाईचा हात थांबला. तिने प्लेटकडे पाहिलं, पन्हळीकडे पाहिलं, मग धर्माजीकडे.

"तुम्ही लावलंत?"

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

धर्माजीने नजर भट्टीकडे वळवली.

"वर आणि शाब्बास म्हणालात? मी घासत होते आणि तुम्ही शाब्बास म्हणत होतात?" ती ताडकन उठली आणि हातातला काथ्या तिने त्याच्या अंगावर फेकला. "गाव मला काय काय बोललं! मी माझ्या हातांना शिव्या दिल्या! आणि तुम्हाला दोन शब्द बोलायला जड झाले?"

धर्माजीला अजूनही वाट होती. चूक बाईची आहे, असं सगळ्यांना सांगता आलं असतं. घासलं तर तिनेच होतं ना? मालकाचं म्हणणं सहसा खरं धरलं जातं. पण पन्हळीत शेवटचं काळं पाणी अजून हळूहळू वाहत होतं, आणि ते पाहून त्याला धड रागावताही येईना, धड मान वर करता येईना.

त्याने हसूरामला हाक मारली. ओरडा ऐकून बाहेर जमलेल्यांना आत बोलावलं. आणि जे कधी बोलला नव्हता ते बोलला. पत्रा कशाचा, लेप कशासाठी, भाजायचा कसा, आणि त्याला वाळू का लावायची नाही. बोलताना त्याची जीभ अडखळत होती. स्वतःचं गुपित तोंडातून बाहेर काढायला फार कष्ट पडतात.

"दोष बारकूबायचा नाही," शेवटी तो म्हणाला. "टिकाऊ प्लेट करायची म्हणून मी पाण्याचा विचार केला, विजेचा केला, आगीचा केला. ती ज्याच्या हातात जाणार त्याचा केला नाही."

हसूरामचा चेहरा फुलला. "म्हणजे मीच बरोबर होतो की!"

"तू कसला बरोबर?" बारकूबाई त्याच्यावर उसळली. "तुला माहीत होतं काय? तुझ्या समोरच्या प्लेटवर चुन्याची खपली बघ केवढी चढलीय. ती काढायला तुझा आजा येणार आहे?"

सगळे वाकून बघू लागले. खरंच होतं. क्लोरीन सुटतो त्या प्लेटच्या समोरच्या प्लेटला लेप नसतो, आणि तिच्यावर पाण्यातला चुना बसतो. चुना बसला की टाकी फुकटची वीज खाते. हसूरामची टाकी जिवंत होती, पण धापा टाकत होती.

"मग ही दुसरी प्लेट घासायची का?" बारकूबाईने विचारलं.

"ही घास. चिंच लाव, हवी तेवढी घास."

"आणि ती काळी?"

"तिच्यावर नुसतं पाणी सोड. बोटसुद्धा लावू नकोस."

बारकूबाईने कपाळाला हात लावला. "एक घासायची, एक नाही. एकाच टाकीत दोन सासवा!"

पण ती गेली नाही. पुढच्या अमावास्येला तिने काळ्या प्लेटवर नुसतं पाणी सोडलं. हात आपोआप काथ्याकडे जायला लागले, तेव्हा ती स्वतःच्या हातांवर बसून राहिली. उभ्या जन्मात तिने इतकं अवघड काम केलं नव्हतं.

शिमगा आला. दोन्ही टाक्या चालत होत्या. साहेब आले तेव्हा चुना काढण्यापुरती एक टाकी थोडा वेळ थांबवलेली होती आणि काळी प्लेट बाहेर काढून ठेवलेली होती. साहेबांनी नाक मुरडलं. "घरत, औषध बनवता आणि ही घाण?" असं म्हणून त्यांनी खिशातली किल्ली काढली आणि प्लेटवर ओरखडा काढायला हात पुढे केला.

बारकूबाईने साहेबांचं मनगट धरलं.

"साहेब, ती घाण नाही. ते आमचं पोट आहे." आणि धर्माजी तोंड उघडायच्या आत तिने सगळं सांगून टाकलं. पत्रा, लेप, भट्टी, सगळं. परक्या माणसासमोर, सगळ्या शेडच्या देखत.

धर्माजीचा जीव खालीवर झाला. गुपित गेलं, आता ते तालुकाभर जाईल. पण त्याने तिला अडवलं नाही. फक्त लेपाचे हात किती द्यायचे ते सांगताना ती चुकली, तेवढं दुरुस्त केलं.

साहेबांनी किल्ली खिशात ठेवली आणि ठेका गावाकडेच राहिला.

तात्पर्य: ज्याची सेवा करायची त्याला कशाने अपाय होतो, हे आधी विचारून घ्यावं, आणि ज्याला ते ठाऊक आहे त्याने न विचारताही सांगावं. नुसत्या मायेने घासलं तरी लेप जातो, आणि तोंड बंद ठेवलं तरी तो जातोच.