चिंगी मुंगी आणि भिंतीला खेटलेला बंब

सकाळचे बरोब्बर सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. रेवूबाळाच्या अंघोळीला जागा हवी, म्हणून आईने तांब्याचा बंब ढकलला. खरर खरर! फळ्यांच्या भिंतीला खेटवला. बंब पेटवला आणि भाकऱ्या थापायला बसली.

चिंगी मुंगी गूळ घेऊन आली, तुरुतुरु तुरुतुरु. बघते तर काय? फळीतली फट बंद! आत तिचं अंडं. एकुलतं एक, पांढरंशुभ्र.

"भिंतीबाई, भिंतीबाई, अंडं दे ना!"

"कशी देऊ गं? बंब टेकलाय. बंब सरकला तर देईन. आई गं, तापायला लागले मी!"

चिंगी पळाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"बंबमामा, बंबमामा, सरक ना! भिंत अंडं देईना."

"पोटात जाळ घेऊन सरकू? कुणाला तरी भाजेल की! जाळ विझला तर सरकेन."

भिंत कोमट झाली. चिंगी पळाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"जाळोबा, जाळोबा, विझ ना! बंब सरकेना, भिंत अंडं देईना."

"हाऽहाऽहा! एवढीशी तू, मला विझवतेस? पाणी आलं तर विझेन."

भिंत गरम झाली. चिंगी पळाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"पाणीदादा, पाणीदादा, ये ना! जाळ विझेना, बंब सरकेना, भिंत अंडं देईना."

डुबुक डुबुक! कळशीतलं पाणी म्हणालं, "मला का पाय आहेत? आईने ओतलं तर येईन."

फळीतून धूर निघाला. बारीकसा. चिंगी पळाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"आई गं, आई गं, ओत ना! पाणी येईना, जाळ विझेना, बंब सरकेना, भिंत अंडं देईना."

थप थप थप! "थांब गं बाई, तव्यावर भाकरी आहे. बाळ रडलं तरच उठेन."

बाळ पाय उडवत खिदळत होतं.

"रेवूबाळा, रेवूबाळा, रड ना! आई ओतेना, पाणी येईना, जाळ विझेना, बंब सरकेना, भिंत अंडं देईना."

"मी कशाला रडू? मुंगी चावली तर रडेन."

मुंगी? मुंगी तर चिंगीच!

एवढं गोरं गोरं पाऊल. चावायचं कसं? पण तिकडे अंडं भाजतंय...

चिंगीने डोळे मिटले. कट्!

बाळ रडलं, ट्यॅंहॅं! आई उठली, धावली. बाळाला उचललं. नाकात वास शिरला. "अगं बाई! फळी करपतेय!"

बाळ लांब पाळण्यात ठेवलं. कळशी ओतली. पाणी आलं, खळ्ळ! जाळ विझला, चर्रर्र! बंब निवला. आईने ओढला. बंब सरकला, खरर खरर! भिंतीने फट उघडली.

अंडं होतं. कोमट होतं. आत काहीतरी हललं, चुळबुळ!

चिंगीने अंडं तोंडात घट्ट धरलं.

आईने बोटांपासून कोपरापर्यंत हात मोजला. "भिंतीपासून एवढी जागा रोज सोडीन गं. माझंच चुकलं."

तुमच्या शेजारी कुणाकडे आहे का बंब? मग आजच जा आणि सांगा: बंब भिंतीला खेटवू नका. आणि त्यांनाही म्हणावं, पुढच्या घरी सांगा.