भागू कासारीण आणि चौथी खूण

एका राज्यात, जिथल्या तळ्यात कमळं बोलत आणि वेशीवरचे दगडी हत्ती पाऊस आला की कान मिटून घेत, त्या राज्यात एक खोड होती. कारागिराला नाही म्हणायचं नाही. शिंप्यानं विचारलं, सांगावं. वैद्यानं विचारलं, सांगावं. जोशानं विचारलं, तर न विचारलेलंही सांगावं. नाही म्हणणं म्हणजे कारागिराचा अपमान, असं तिथं लहानपणापासून शिकवत. रीत चांगली होती मंडळी, पण चांगल्या रीतीलाही कडी-कोयंडा लागतो.

मी एकदा घोडा विकायला गेलो होतो. गिऱ्हाइकानं घोड्याचे दात बघायच्या आधी माझ्या बायकोचं माहेर विचारलं. मी घोडा घेऊन परत आलो. लोक हसले. हसोत.

तर त्या राज्यावर कनकवल्ली नावाची राणी राज्य करीत होती. न्यायाची पक्की, मनाची मऊ. आणि राज्याच्या उत्तरेला, काळ्या मनोऱ्यात, कंकदत्त नावाचा जादूगार राहत होता. त्याला सिंहासन हवं होतं. पण सैन्य नव्हतं, आणि हिंमत त्याहून कमी. मग त्यानं काय केलं? साळुंक्या पाळल्या.

एके दिवशी तो बाजारात आला आणि प्रत्येक कारागिराला एकेक साळुंकी देऊ लागला. म्हणाला, "शेटजी, गिऱ्हाइकाचं सगळं ही लक्षात ठेवील. तुमच्या डोक्याला ताप नको. मोल काही नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

रंगो शिंप्यानं घेतली. त्र्यंबक वैद्यानं घेतली. विश्वंभर जोशानं तर सोन्याचा पिंजरा करवला. साळुंकी गिऱ्हाइकाचं बोलणं ऐके, आणि ऐकलेल्या प्रत्येक गुपिताचा एक मणी तिच्या गळ्यात तयार होई. दिवस मावळायच्या आत ती मनोऱ्याकडे उडे, कंकदत्ताच्या खांद्यावर बसून सारं घडाघडा म्हणून दाखवी, आणि परत येऊन पिंजऱ्यात बसे. फुकटच्या पाखराचा दाणा कुठून येतो, हे कुणी विचारलं नाही.

एकीनं मात्र पाखरू घेतलं नाही. भागू कासारीण. चौकात उंबराखाली तिचं बांगड्यांचं दुकान. पन्नास वर्षं तिनं राज्यातल्या बायकांचे हात दाबून चुडे भरले. कुणाचा हात कसा वळतो, कुणाचं हाड कुठं अडतं, सगळं तिच्या बोटांना ठाऊक. तोंडाला काही ठाऊक नाही.

कंकदत्त म्हणाला, "भागूबाई, एवढी मापं लक्षात कशी ठेवता? घ्या पाखरू."

भागू म्हणाली, "हात हातात आला की माप आठवतं. हात सुटला की विसरते. तुझं पाखरू विसरतं का?"

"कधीच नाही!"

"मग ने परत."

वसंतोत्सव जवळ आला. राणीनं चोळी शिवायला टाकली, डोकेदुखीवर औषध मागवलं, मिरवणुकीचा मुहूर्त काढवला. शिंप्यानं मापं घेतली आणि वर विचारलं, राणीसाहेब चालताना कुठला पाय आधी टाकतात? वैद्यानं नाडी पाहिली आणि वर विचारलं, झोपेत काय बोलता? जोशानं जन्मवेळ घेतली आणि वर विचारलं, आई लाडानं काय म्हणायची? राणीनं रीतीप्रमाणे सगळं सांगितलं.

दुसऱ्या सकाळी राणी तळ्यावर स्नानाला गेली. परत आली तर पहारेकऱ्यानं भाला आडवा धरला.

"कोण गं तू?"

"मी तुझी राणी."

"राणीसाहेब आत बसल्यात. चल, हो बाजूला."

राणीनं दारातल्या हौदाच्या पाण्यात पाहिलं. पाण्यात चेहरा नव्हता. जमिनीवर सावली नव्हती. आवाज निघाला तो सुकल्या पानासारखा. आत सिंहासनावर तिच्याच मापाची, तिच्याच चालीची, तिच्याच नावाला ओ देणारी तोतया बसली होती, आणि शेजारी नवा प्रधान म्हणून कंकदत्त.

राणी बाजारात गेली. तिला कुणी ओळखलं नाही. शेवटी उंबराखाली येऊन तिनं भागूपुढे हात केला. भागू बांगड्या निवडत होती. तिनं वर पाहिलंच नाही. हात दाबला आणि म्हणाली, "बसा राणीसाहेब. आज चेहरा कुठं ठेवून आलात?"

राणीला रडू फुटलं.

तेवढ्यात उंबरावरचा तांबट पक्षी, जो एरवी नुसतं टुकटुक करतो, माणसासारखा बोलला. "तीन गुपितं गेली, तीन मणी झाले. तीन दिवसांत ते राणीच्या हाती परत आले तर राणी राहील. नाही तर तिसऱ्या दिवशी सूर्य मावळताना ती वाऱ्यात विरेल." एवढं बोलून तो पुन्हा टुकटुक करू लागला.

भागूनं दुकानाला पडदा लावला. "चला," म्हणाली.

पहिल्या दिवशी दोघी रंगो शिंप्याकडे गेल्या. राणी म्हणाली, "माझं माप परत दे."

रंगोनं सुई दातांत धरूनच विचारलं, "तू कोण? ओळख पटव. जन्मवेळ सांग, वडिलांचं नाव सांग, अंगावरचे तीळ सांग."

पिंजऱ्यातली साळुंकी मान पुढं काढून बसली.

भागू खळखळून हसली. "वा रे रंगो! दिलेलं परत मागायला आलं, तर त्याच्यापायी आणखी द्यायचं? चोळीला तीळ कुठं शिवतोस रे?"

रंगो ओशाळला. "मला काय करायचेत तीळ? पाखरू विचारतं म्हणून मी विचारतो."

"शिवतो कोण? तू का पाखरू?"

"मी."

"चोळी झाली?"

"झाली."

"मग माप कशाला ठेवलंस? माझ्या सासऱ्यांच्या काळी शिंपी काम झालं की मापाचा दोरा गिऱ्हाइकाच्या हाती देत. तुझा बाप देत होता. मी पाहिलंय."

बापाचं नाव निघालं आणि रंगोचे हात थांबले. त्यानं पिंजरा उघडला, साळुंकीला हातात धरून म्हणाला, "काम संपलं, टाक." पाखरू खोकलं, निळा मणी पडला. राणीनं उचलला, आणि तिच्या पायाशी सावली आली.

दुसऱ्या दिवशी त्र्यंबक वैद्य. पांढरी दाढी, गोड वाणी. तो म्हणाला, "भागूबाई, वैद्यापासून दुखणं लपवायचं नसतं."

"खरं आहे," भागू म्हणाली. "वैद्यापासून दुखणं लपवणारा मूर्ख. पण वैद्यबुवा, दुखणं तुम्हाला सांगितलं होतं. या पाखराला नाडी कळते का?"

"नाही."

"औषध कुटतं का?"

"नाही."

"रोज कुठं उडून जातं, कधी विचारलंत?"

वैद्यानं पिंजऱ्याकडे पाहिलं. मग हळू म्हणाला, "एक गोष्ट मला खटकत होती. मी ज्याला खोकला सांगितला, त्याच्या दारात दुसऱ्या दिवशी कंकदत्ताचा माणूस खोकल्याचा ताईत घेऊन उभा असायचा. मला वाटलं, योगायोग." त्यानं पगडी काढून बैठकीवर ठेवली आणि राणीपुढे हात जोडले. "आपण माझ्यापाशी ठेवलं होतं. मी उघड्यावर टाकलं." त्यानं स्वतःच पिंजऱ्याचं दार मोडलं. लाल मणी पडला. राणीला आवाज परत आला.

त्या वैद्याला मी मानतो बरं का. चूक सगळेच करतात, पिंजरा मोडणारा एखादाच.

तिसऱ्या दिवशी विश्वंभर जोशी. त्यानं दारातूनच सांगितलं, "माझी साळुंकी सोन्याच्या पिंजऱ्यात असते. ती कुणाचं ऐकत नाही. माझंही नाही." आणि खरंच, साळुंकी चोच घट्ट मिटून बसली होती. गळा मण्यांनी एवढा फुगला होता की मान वळत नव्हती. बाहेर ऊन कलू लागलं होतं. राणीची बोटं काचेसारखी आरपार दिसू लागली.

भागू पिंजऱ्याजवळ गेली आणि इकडेतिकडे पाहून कुजबुजली, "बाई गं, तुला एक सांगू? पन्नास वर्षांत कुणाला सांगितलं नाही."

साळुंकीचे डोळे चमकले. तिनं कान दिला.

"जवळ ये. अजून जवळ. आधी गळ्यात जागा कर, गोष्ट मोठी आहे."

हावऱ्या पाखरानं घाईघाईनं गळा खाकरून मोकळा केला. भराभर मणी ओघळले, त्यांत एक पांढराशुभ्र. राणीनं तो झेलला. तिचा चेहरा परत आला.

"आता सांग, सांग!" साळुंकी ओरडली.

"उंबराला फळं आलीत," भागू म्हणाली.

"एवढंच?"

"एवढंच. उरलेलं मी विसरते."

दोघी भरल्या दरबारात गेल्या. पण मंडळी, एकदा उडालेलं गुपित परत आलं तरी त्याचा पडसाद मागे राहतो. कंकदत्तानं सारं पाठ केलं होतं. सिंहासनावर तोतया तशीच बसलेली, आणि दारात खरी राणी. दोन चेहरे, दोन आवाज, दोन सावल्या. जुन्या न्यायाधीशानं जन्मवेळ विचारली, दोघींनी सांगितली. दुखणं विचारलं, दोघींनी सांगितलं. लाडाचं नाव विचारलं, दोघींचे डोळे भरून आले.

कंकदत्त मिशीत हसला. "दारातली तोतया आहे. सूर्यास्ताला तिला तळ्यात बुडवा."

तेव्हा भागू पुढं झाली. "न्यायाधीश महाराज, उत्सवाचा चुडा राहिलाय. दोघींना एकेक बांगडी देते. ज्यांची त्यांनी, पदराआड, आपल्या हातानं डाव्या हातात चढवावी."

हिरव्या काचेच्या दोन बांगड्या तिनं पुढं केल्या. दोन्ही एकाच मापाच्या, आणि माप एवढं तंग की पाहणाऱ्याला वाटावं, पोरीच्या हाताची आहे. राणीच्या डाव्या हाताची एक गोष्ट होती. ती राणीला ठाऊक होती आणि भागूच्या बोटांना. ती कुणा शिंप्यानं विचारली नव्हती, कुणा वैद्याच्या हाताला लागली नव्हती, कुणा जोशाच्या पत्रिकेत बसत नव्हती.

खऱ्या राणीनं पदर ओढला. एक वळसा, एक श्वास, आणि पदर बाजूला झाला तेव्हा बांगडी मनगटात किणकिणत होती.

तोतयानं जोर लावला. बांगडी अंगठ्याशी अडली. तिनं कंकदत्ताकडे पाहिलं. कंकदत्ताला माहीत नव्हतं. तोतयाला घाम फुटला. ती म्हणाली, "भागू, सांग ना. मी परवानगी देते. काय आहे माझ्या हातात?"

दरबारातल्या साऱ्या माना तिच्याकडे वळल्या.

न्यायाधीश काठी टेकत उठला. "बाई," तो म्हणाला, "आपला हात आपणच दुसऱ्याला विचारता?"

काच तडकली. कापलेल्या जागेतून रक्त आलं नाही, पिसं आली. बघता बघता सिंहासनावर पिसांचा ढीग उरला. कंकदत्त पळायला वळला, पण त्याचे हात पंख झाले आणि त्याच्या तोंडून पुढचा शब्द निघाला तो साळुंकीचा. तेव्हापासून तो मनोऱ्यावर बसून ऐकलेलं तेवढंच बोलतो, आणि त्याला कुणी काही सांगत नाही.

राणी सिंहासनावर बसली. तिनं कारागिरांना शिक्षा केली नाही. फर्मान काढलं. गिऱ्हाइकानं विचारावं, हे कशाला हवं, आणखी कुणाला कळेल, आणि काम झाल्यावर त्याचं काय करशील. कारागिरानं तोंडावर उत्तर द्यावं. उत्तर नसेल तर गिऱ्हाइकानं नाही म्हणावं, त्यात कुणाचा अपमान नाही. रंगो आता चोळीबरोबर मापाचा दोरा देतो. वैद्याच्या बैठकीत आता पाखरू नसतं. जोशानं सोन्याचा पिंजरा मोडून घंटा केली.

राणी भागूला म्हणाली, "काय देऊ?"

"हात द्या," भागू म्हणाली. "उजव्यातला चुडा राहिलाय."

आता तुम्ही विचाराल, राणीच्या डाव्या हातात होतं तरी काय? मीही विचारलं होतं. उंबराखाली बसून, चांगला तासभर, गोड बोलून. भागूनं माझा हात हातात घेतला, दाबून पाहिला, सोडला, आणि म्हणाली, "कुणाचा हात म्हणालात?"