फांदीवरची टिटवी

मुलांनो, एका डोंगराच्या पायथ्याशी उघडे माळरान होते आणि त्या माळावर एक टिटवी राहत असे. माळ अगदी साधा होता. खुरटे गवत, खडे, चार-दोन बोरीच्या जाळ्या आणि मधोमध एक लहानसे तळे. डोंगरातून उतरणारा ओढा त्या तळ्यात येई, म्हणून भर वैशाखातही तिथे घोटभर पाणी असे. टिटव्या झाडावर घरटे बांधत नाहीत. त्या खड्यांमध्येच अंडी घालतात. उन्हाने खडे तापले की तळ्यात पोट भिजवायचे, धावत यायचे आणि ओल्या पिसांनी अंडी गार करायची. आपली टिटवी अशीच जन्मली होती आणि तिने आपली लेकही अशीच वाढवली होती.

सारा माळ तिला ओळखत होता तो तिच्या आवाजामुळे. कोल्हा दिसला की ओरडली, साप सळसळला की ओरडली, नुसती सावली हलली तरी ओरडली. "हिच्यापायी माझी दुपारची झोप गेली," असे तितर रोज कुरकुरे. पण तिच्याच ओरडण्याने त्याचा जीव दोनदा वाचला होता, म्हणून कुरकुरणेही तो जरा हळू आवाजातच करी.

वर डोंगरावरच्या रानात एका जुन्या उंबराखाली महासभा भरत असे. प्रत्येक वस्तीने तिथे आपला एक प्रतिनिधी पाठवायचा. सभेची रीत मोठी मजेची होती. सभापती धनेश पक्षी फांदीवर बसून ठराव सांगे, "कोणाची हरकत?" असे विचारी आणि आपली भली मोठी चोच फांदीवर घासून पुसू लागे. आधी एक बाजू, मग दुसरी. चोच पुसून होईपर्यंत कोणी ओरडले तर ठराव बारगळे. कोणीच ओरडले नाही तर तो मंजूर होई, आणि एकदा मंजूर झालेला ठराव पुन्हा काढायचा नाही, असा नियम होता.

माळाने कोणाला पाठवायचे यावर बरीच चर्चा झाली. शेवटी म्हातारा ससा म्हणाला, "अरे, तिथे शहाणे पुष्कळ आहेत. आपल्याला घसा पाहिजे, घसा. टिटवीला पाठवा." सगळे हसले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. निघताना टिटवी तळ्याकाठी उभी राहून म्हणाली, "माळाच्या वाईटाचा ठराव आला आणि मी गप्प बसले, असे कधी व्हायचे नाही." त्या वेळी ती हे मनापासून म्हणाली होती.

आणि पहिली काही वर्षे तिने शब्द पाळलाही. गव्यांनी माळावरचे सगळे गवत मागितले, तेव्हा ती उंबराखालच्या धुळीत दोन्ही पाय रोवून अशी ओरडली की गव्यांचा म्होरक्या दोन पावले मागे सरला. कोल्ह्यांनी बोरीच्या जाळ्या मागितल्या, तेव्हाही तेच. संध्याकाळी वारा डोंगरावरून खाली वाहू लागे आणि तिचा आवाज थेट माळापर्यंत येई. मग तळ्याकाठी सगळे कान टवकारून बसत. "आपली बोलतेय बरं का!" असे तितरसुद्धा अभिमानाने म्हणे. ससा मिशा हलवत म्हणे, "उगाच नाही म्हणत, टिटवीसुद्धा समुद्र आटवते." माळाने तिला पुन्हा पाठवले, पुन्हा पाठवले. दुसऱ्या कोणाचे नावही निघेना.

एके दिवशी सभा संपल्यावर धनेश तिला म्हणाला, "टिटवीबाई, तुमच्या आवाजाला तोड नाही. पण तो ऊठसूट कशाला खर्च करता? मोठ्या प्रसंगासाठी राखून ठेवा. आणि इतक्या वर्षांच्या सदस्याने खाली धुळीत उभे राहावे, हे आम्हालाच बरे दिसत नाही. वर या, माझ्या शेजारची फांदी तुमची."

सल्ला वाईट नव्हता, हे मलाही कबूल आहे. तो निखालस वाईट असता तर टिटवीने ऐकलाच नसता.

पण मुलांनो, टिटवीच्या पायाला मागचे बोट असून नसल्यासारखे असते. तिचा पाय धावण्यासाठी असतो, फांदी धरण्यासाठी नाही. बुलबुल, पोपट फांदीवर कसे निवांत बसतात! टिटवीला मात्र पंख अर्धे उघडून, श्वास धरून तोल सांभाळावा लागे. त्यात टिटवी ओरडते ती नुसत्या घशाने नाही, तिचे सगळे अंग हिसके देते. फांदीवरून ती पहिल्यांदा ओरडली मात्र, पाय सटकला आणि ती धप्पकन खाली आली. बुलबुल खुदकन हसला. "सावकाश, बाई, सावकाश," धनेश गोड आवाजात म्हणाला.

टिटवी लाजेने चूर झाली. दुसऱ्या दिवशी ती फांदीवरून पुटपुटली. तिसऱ्या दिवशी तिने नुसती मान हलवली. "टिटवीबाई किती समजूतदार झाल्या!" असे जो तो म्हणू लागला, आणि ते ऐकायला तिला फार गोड वाटे. उंबरे काही ती खात नसे, तिचे पोट किड्यांवर. तरी "यंदा उंबरे छान आहेत हो" असे ती फांदीवरच्या मंडळींना सांगू लागली. माळावर तिचा आवाज येईनासा झाला. "मोठ्या कामात असेल," असे ससा सगळ्यांना समजावी.

मग एका उन्हाळ्याच्या तोंडाशी ससा धापा टाकत डोंगर चढून उंबराखाली आला. "पोरी," तो वर पाहत म्हणाला, "रानडुकरांना ओढा हवा आहे म्हणे. वरच्या वळणावर अडवून लोळायला चिखल करणार. ओढा गेला की तळे गेले. आणि तुझ्या लेकीने परवाच पहिली अंडी घातली आहेत, तुला कळले का?"

टिटवीने चटकन मान खाली वाकवली. "आजोबा, तुम्ही निर्धास्त जा," ती म्हणाली. "याच दिवसासाठी तर मी आवाज राखून ठेवला आहे."

दुसऱ्या दिवशी सभा खच्चून भरली. रानडुकरांनी ठराव मांडला. धनेशने चौफेर पाहिले. "कोणाची हरकत?" म्हणून त्याने चोच पुसायला घेतली.

टिटवीने चोच उघडली. त्याबरोबर तिचा पाय सरकला. तिने घाईने पंख पसरून तोल सावरला आणि चोच मिटली. खाली गवे, डुकरे, कोल्हे सगळे वर बघत होते. पडले तर आज सगळ्यांसमोर पडेन, तिच्या मनात आले. खाली उतरून ओरडावे का? पण शेजारी बुलबुल टपलेलाच होता. जागा सुटली की तो बसणार, यात शंका नव्हती. धनेशची एक बाजू पुसून झाली. सभा संपल्यावर त्याला एकटीने भेटून सांगते, तो माझे ऐकतो, असे तिने स्वतःला समजावले. दुसरी बाजूही पुसून झाली.

"मंजूर," धनेश म्हणाला.

सभा संपल्यावर ती खरोखरच त्याच्याकडे गेली. धनेशने सगळे शांतपणे ऐकून घेतले. "अरेरे," तो म्हणाला, "मग तेव्हाच नाही का ओरडायचे? एका हाकेचे तर काम होते. आता रीत ती रीत, बाई."

कुठल्या तोंडाने माळावर जावे, हे टिटवीला कळेना. ती आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिली. शेवटी मनाने उचल खाल्ली आणि ती गेली, तेव्हा ऊन रणरणत होते. तळ्याच्या जागी भेगाळलेला चिखल होता. जाळ्यांत कोणी नव्हते. ससा आपले बिऱ्हाड घेऊन केव्हाच पाण्याच्या शोधात गेला होता, तितरही गेला होता. खड्यांमध्ये तिची लेक तेवढी उभी होती. भिजवायला पाणी नव्हते, म्हणून पंख पसरून ती अंड्यांवर सावली धरत होती.

लेकीने आईकडे पाहिले. ती रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते.

"आई, त्या संध्याकाळी आम्ही सगळे तळ्याशी बसलो होतो," ती म्हणाली. "वारा डोंगरावरूनच येत होता. आजोबा म्हणत होते, आता ओरडेल, आता ओरडेल. अंधार पडेपर्यंत बसलो होतो गं. तुझा आवाज आलाच नाही."

टिटवी खाली अंड्यांकडे पाहू लागली.

"कालपासून आत काही हलत नाही," लेक म्हणाली.

तेव्हा टिटवी ओरडली. तापलेल्या जमिनीवर दोन्ही पाय रोवून, सगळे अंग हिसडून ती ओरडली. इतक्या वर्षांत तिचा आवाज तसूभरही कमी झालेला नव्हता. तो माळ ओलांडून, डोंगर चढून उंबरापर्यंत गेला. तिथे सभा चालूच होती. टिटवीच्या फांदीवर बुलबुल निवांत बसला होता. "कोणी हरकत घेतेय का?" अंगाला ओला चिखल माखलेल्या एका रानडुकराने विचारले.

"तो ठराव केव्हाच होऊन गेला," धनेश म्हणाला आणि पुढच्या ठरावासाठी चोच पुसू लागला.

खाली माळावर टिटवी ओरडत राहिली. लेकीने तिच्याकडे मान वळवली नाही. ती आपली अंड्यांवर सावली धरून उभी होती.

तात्पर्य : ज्या आवाजासाठी आपल्या माणसांनी आपल्याला पाठवले, तो आवाज बसायच्या जागेपायी गिळू नये. वेळ टळून गेल्यावर फोडलेला टाहो कितीही मोठा असला, तरी त्याने कोणाचेच तळे भरत नाही.