सामाच्या हातची चूड

पूर्वी कीर्तिपुरात राजा वीरदत्त राज्य करीत असताना बोधिसत्त्व हिमवंताच्या उतारावरील एका गावात माळ्याच्या कुळात जन्मले. गावाच्या डोक्यावरचा डोंगर बोडका होता. एका पावसाळ्यात दरड कोसळून काही घरे गडप झाली, तेव्हापासून बोधिसत्त्व तिथे सरल वृक्षाची रोपे लावू लागले. सुईसारख्या पानांचे हे झाड बारमाही हिरवे असते आणि खडकातही तग धरते; पण पहिली काही वर्षे त्याचे रोप गवताच्या झुबक्याएवढेच दिसते. "माळीबाबा गवत पेरतात," असे म्हणून लोक हसत.

उन्हाळा लागला की वाळले गवत जाळायचे, म्हणजे गुरांना कोवळा चारा मिळतो, अशी त्या गावची रीत होती. एके वर्षी जाळण्याची पाळी सामाची होती. सामा ही गुरे राखून पोट भरणारी विधवा. वारा पडल्याशिवाय आग लावू नये हे तिला ठाऊक होते. पण घरी गाय व्यायला टेकली होती, तिला परतण्याची घाई झाली. तिने काटक्यांची पेटती चूड गवताला लावली आणि वारा फिरला.

पाहता पाहता आग रोपांत शिरली. सगळा उतार काळाठिक्कर पडला तरी सामा जागची हलली नाही.

गाव जमला. मुखिया भल्लिक म्हणाला, "लावलेलं रान जाळणाऱ्याला खिंडीपलीकडं हाकलायचं, हा आपला दंडक. गुरं इथंच राहतील. तू नीघ."

एवढ्यात बोधिसत्त्व राखेतून चालत आले. आता हे शिव्याशाप देतील म्हणून सामाने डोळे मिटले.

"बाई, पायाला चटका बसला का?" त्यांनी विचारले.

शिवी सोसणे सोपे होते. हे ऐकून ती मटकन खाली बसली.

"रोपं माझी, नुकसान माझं," बोधिसत्त्व मुखियाला म्हणाले. "ही कुठंही जाणार नाही." मग त्यांनी विळा काढला आणि जळके शेंडे बुंध्याशी छाटायला सुरुवात केली. दुःखाने म्हाताऱ्याचे डोके फिरले, असे समजून लोक पाहत राहिले. सामा उठली आणि दुसरा विळा घेऊन त्यांच्याशेजारी बसली.

पावसाआधीच राखेतून हिरव्या सुया वर आल्या. मुळांत जीव उरला होता. सामा म्हणाली, "बाबा, हे माहीत होतं म्हणून मला ठेवून घेतलंत ना?"

"आशा होती, खात्री नव्हती. रोपं फुटली नसती तरी तू राहिलीच असतीस. पुन्हा लावायला माणूस नको का?"

पुढच्या उन्हाळ्यात वणवा शिरू नये म्हणून रोपांभोवतीचा पट्टा आधीच जाळून मोकळा करायचा होता. बोधिसत्त्वांनी पेटती चूड सामाच्या हाती दिली. सारा गाव हादरला.

"माकडाच्या हाती कोलीत देताय, बाबा," भल्लिक म्हणाला.

"या गावात वाऱ्याला भिणारी ही एकटीच आहे."

सामा चूड विझू न देता वारा पडेपर्यंत बसून राहिली. मग तिने पट्टा जाळला. एकाही रोपाला धग लागली नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भिक्षूंच्या गुरूंनी, संघाला सांगितली तेव्हा भिक्षू धम्मपालित मान खाली घालून बसला होता. आदल्या दिवशी त्याच्या हातून दिवा कलंडून पर्णशाळा जळाली होती, आणि त्याला संघातून घालवावे असे एक ज्येष्ठ भिक्षू म्हणत होता. "त्या वेळचा भल्लिक म्हणजे याला घालवा म्हणणारा तुमचा ज्येष्ठ भिक्षू," शास्ता म्हणाले. "सामा म्हणजे हा धम्मपालित, आणि माळी मी होतो. राग न धरता सोसणे, यालाच क्षांती म्हणतात."

एवढे बोलून त्यांनी दिवा धम्मपालितापुढे सरकवला. अंधारून आले होते, आणि दिवा लावण्याची पाळी त्याचीच होती.