हार न घालणारी बाई

फार पूर्वी, होड्या नुसत्या शिडावर चालत तेव्हा, समुद्रकाठच्या एका गावात एक तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, राहत होता. गावातली सर्वांत मोठी होडी त्याची. तो कष्टाळू होता आणि देवाला मानणाराही होता. खोट एवढीच, की या दोन्ही गोष्टी तो विसरत नसे.

गावाच्या टोकाला, वाळू संपते तिथे, एक दगडी क्रूस होता. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की गाव त्या क्रूसापुढे प्रार्थनेला जमे. गावाची एक रीत होती. ज्याचे मागणे देवाने पुरे केले, त्याने क्रूसाला सोनचाफ्याचा हार घालायचा. त्या संध्याकाळची प्रार्थना त्यानेच सांगायची आणि बाकीच्यांनी त्याच्यामागून म्हणायची.

तांडेलाचे हार सर्वांत जास्त. मासळी मिळाली, हार. मुलगी झाली, हार. होडीचा तुटून गेलेला नांगर सापडला, तरी हार.

त्याच गावात रुजाय नावाची एक बाई होती. लोकांची फाटकी जाळी सांधून ती पोट भरी. तिचा नवरा समुद्रावर गेला तो परतला नव्हता. तो यावा म्हणून ती रोज क्रूसापुढे गुडघे टेकी. वर्षे गेली. नवरा आला नाही. तिला हार घालता आला नाही, पण तिने येणेही चुकवले नाही. शेवटच्या रांगेत बसे, आणि लोक उठून गेले तरी थोडा वेळ बसून राही.

एकदा तांडेल सगळ्यांदेखत म्हणाला, “काय गो रुजाय, देव तुझं ऐकत नाही, की तुला नीट मागता येत नाही?”

लोक हसले. रुजायही हसली.

“आवाज बारीक आहे माझा, तांडेल,” ती म्हणाली आणि जाळे उचलून घरी गेली.

पुढे तांडेलाची बायको तापाने पडली. तांडेलाने क्रूसापुढे मागणे मांडले. आजवर त्याला नकार माहीत नव्हता. म्हणून त्याने हार आधीच ओवून घेतला आणि खुंटीला लावून ठेवला. बायको उठली की तिच्याच हाताने घालू, असे तो सगळ्यांना सांगत होता.

बायको गेली. हार खुंटीवरच सुकला.

तांडेलाने दार लावून घेतले. तो जेवेना, बोलेना. होडी वाळूवर पडून राहिली आणि तिच्यावर जगणाऱ्या खलाशांच्या चुली विझायला आल्या. लहानगी मुलगी शेजारणीकडे रडत होती. फादर आले, त्यांना त्याने परत पाठवले. भाऊबंद आले. कुणी म्हणाले, काही पाप घडले असेल. कुणी म्हणाले, मागणेच मनापासून नसेल. त्याने त्यांना बाहेर काढले. पण ते बोल कुणाचे होते, हे त्याला कळले. रुजायला तो असेच बोलला होता.

बायकांनी रुजायला बजावले, तू जाऊ नकोस, तुझे त्याने चारचौघांत हसे केले. ते तिला टोचत होतेच. पण त्या संध्याकाळी घंटा झाली आणि ती पहिल्यांदाच क्रूसाकडे गेली नाही. तांडेलाच्या ओटीवर जाऊन बसली. जाळे सांधत राहिली. एक शब्द बोलली नाही. अंधार पडल्यावर घरी गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. मग रोजच येऊ लागली.

शेवटी एका संध्याकाळी दार उघडले. तांडेल उंबऱ्यावर बसला.

“त्यानं माझं ऐकलं नाही,” तो म्हणाला.

“नाही. माझंही नाही.”

“मग इतकी वर्षं तिथं कशाला बसतेस?”

रुजायने सुई खाली ठेवली. “आधी मागायला बसायची. मग भांडायला बसायची. एकदा मान वर केली आणि मनात आलं, हा क्रूस कुणाचा? देवाच्याच पोराचा. मरण टळू दे म्हणून त्यानंही बापाजवळ मागितलं होतं. टळलं नाही. पोटच्या पोराला जे मिळालं नाही, ते मला मिळालं नाही म्हणून मी परकी कशी होईन? तेव्हापासून मी तिथं एकटी बसत नाही.”

तांडेलाने आत खुंटीवरच्या सुकलेल्या हाराकडे पाहिले. मग म्हणाला, “मी तुला हसलो होतो. तरी आलीस.”

“लागलं होतं मला. पण दुखावलेल्या माणसाजवळ नुसतं कसं बसावं, ते मी तिथंच शिकले. शिकलेलं वापरायला नको?”

बायको गेल्यापासून तांडेल पहिल्यांदा रडला. मग त्याने मुलीला घरी आणले आणि तिच्यासोबत दोन घास खाल्ले. सकाळी होडी पाण्यात गेली.

त्या संध्याकाळी क्रूसावर नवा हार होता. लोक एकमेकांना विचारू लागले, कुणाचे मागणे पुरे झाले? तांडेल मुलीला मांडीवर घेऊन शेवटच्या रांगेत बसला होता.

“कुणाचंच नाही,” तो म्हणाला. “सोबत मिळाली, त्याचा हार आहे.” मग रुजायकडे वळून म्हणाला, “आजची प्रार्थना तू सांग.”

तिचा आवाज खरोखरच बारीक होता. तो ऐकू यावा म्हणून सगळ्या गावाला गप्प बसावे लागले.

तात्पर्य: मागितलेले मिळो न मिळो, प्रार्थनेत देव आपल्याजवळ येऊन बसतो, आणि ज्याच्याजवळ तो बसला, त्याला दुसऱ्याच्या दुःखाजवळ बसता येते.